लांब लोकरीची कांबळी

लांब लोकर पिंजायची नसते, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे येणारी लोकर आखूड, काळी आणि हाताला टोचणारी. पांझरा नदीच्या काठाने कळप घेऊन फिरणारे मेंढपाळ ती पोत्यांत कोंबून आणत आणि पडवीत ओतून जात. तिच्यात काटे असत, गोखरू असत, वाळलेल्या लेंड्या असत. अक्का, म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, थोरली बहीण, ती सगळी लोकर दोन दिवस निवडत बसायची. मग कमान हातात घेऊन तिच्या ताणलेल्या तातीने पिंजायची. तो टुंग टुंग आवाज आणि खड्ड्यातल्या मागावर बसलेल्या आबांचा खट् खट् आवाज, या दोन आवाजांत मी लहानाची मोठी झाले. आमचं घर धुळ्याला, देवपूरच्या कडेला, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. घरात कायम चिंचोक्यांच्या खळीचा आंबूस वास. सुताला ताठपणा यावा म्हणून ती खळ लावतात. शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुली कधीकधी नाक उडवायच्या, तेव्हा मला तो वास कळायचा. एरवी नाही.

अक्का जाऊन आता दीड महिना झाला. मी रोज सकाळी एक पान लिहायला बसते आणि बहुतेक वेळा संध्याकाळी फाडून टाकते. तीस वर्षं जळगावात शाळेत मराठी शिकवलं, मुलांना ‘माझी आवडती व्यक्ती’ या विषयावर निबंध लिहायला लावले, आणि आता स्वतःवर वेळ आली तर पहिलं वाक्य लोकरीचं सुचतं, माणसाचं नाही. तसंच राहू दे.

अक्का आमच्याकडे कशी आली, ते मला कोणी नीट सांगितलं नाही, तुकड्यातुकड्यांनी कळलं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात आणि आठवड्याभराने परत जातात. अक्का एका आखाजीला आली. मागून निरोप आला की तिच्या नवऱ्याने दुसरी केली. मग ती गेलीच नाही. तेव्हा मी जन्मलेही नव्हते. अक्काने पडवीतली डावीकडची भिंत धरली, टकळी आणि चरखा ओढून घेतला आणि सूत कातायला लागली. तिच्या सुतावर आबांचा माग चालायचा, मागावर घर चालायचं. त्यामुळे ती कोणाच्या उपकारात नव्हती. पाहुणा आला की त्याला जेवल्याशिवाय हलू न देणारी तीच. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर शेंगदाण्याच्या तेलाची धार धरून, वर वांग्याचं भरीत वाढून, ‘आते कथा जास, ऊन उतरू दे’ म्हणत ती माणसाला बसवून ठेवायची. आई चुलीशी असायची, पण वाढायचा हात अक्काचा. आईला ते आवडत नसावं. दोघी भांडायच्या मात्र नाहीत, नुसत्या एकमेकींच्या भांड्यांचा आवाज ऐकायच्या.

मी सांगते आहे तो उन्हाळा माझ्या बारावीच्या परीक्षेनंतरचा. निकाल लागायचा होता. पुढे मास्तरकीचं शिक्षण घ्यायचं की स्थळं पाहायची, हे आबांनी ठरवलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. घरात बसवेना, बाहेर जाण्यासारखं काही नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लागली आहे. मी पुस्तक उघडायची, चार ओळी वाचून मिटायची, उठून माठातलं पाणी प्यायची, पडवीत यायची, परत आत जायची. मंजू दूर चालली होती, ही त्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट होती, पण ती मी कोणाला सांगू शकत नव्हते.

मंजू माझ्या वर्गातली, बाजारात भांड्यांचं दुकान असलेल्या शेठजींची मुलगी. त्यांचं घराणं दोन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं, जैन. मंजू वैशाखात दीक्षा घेणार होती. साध्वी होणार, घर सोडणार, आयुष्यभर पायी अनवाणी चालणार. गावभर कौतुक चाललं होतं. मंजू स्वतः मात्र त्याबद्दल फार बोलत नसे. शेवटच्या पेपरला तिने नव्या कोऱ्या चपला घातल्या होत्या. मी पाहिलं तर म्हणाली, ‘आता दोनच महिने घालायच्या आहेत, तर चांगल्या तरी घालते.’ आणि हसली. मला हसू आलं नाही.

साध्वींना पहाटे आणि तिन्हीसांजेला उघड्यावर जाताना अंगावर लोकरीची कांबळी घ्यावी लागते. मंजूच्या आजीने, तिला सगळे मांजी म्हणत, हट्ट धरला की नातीची पहिली कांबळी बाजारातली नको. हातकताईच्या सुताची हवी, आणि लोकरही आपल्या मुलखातल्या मेंढ्यांची. तिने तिकडून एक गाठोडं मागवलं. शेठजींचा माणूस ते सायकलवर ठेवून आमच्या दारात घेऊन आला. धुळ्यात हातमागावर घोंगड्या विणणारी घरं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. महिनाभरापूर्वी एक व्यापारी आबांकडे गिरणीच्या लोकरी सुताचे कोन दाखवून गेला होता. एकसारखं सूत, न तुटणारं, पिंजण नको, कताई नको. आबांनी एक कोन ठेवून घेतला होता. तो मागाच्या खुंटीवर टांगलेला होता, आणि अक्का येताजाता त्याच्याकडे न पाहता जायची. मांजींचं गाठोडं आलं त्या दिवशी आबा म्हणाले, या कांबळीचं पाहू, मग त्या सुताचं ठरवू. म्हणाले आईला, पण अक्का दोन हातांवर बसली होती. आबांचं ‘ठरवू’ म्हणजे काय, ते आम्हा तिघींनाही कळलं. गिरणीचं सूत आलं की पडवीतल्या डाव्या भिंतीला कोणाचं काही काम उरणार नव्हतं.

गाठोडं सोडलं आणि आम्ही पुढे वाकलो. काळ्या लोकरीच्या घरात ते पांढरं इतकं वेगळं दिसलं. एकेक बट वीतभर लांब, किंचित कुरळी, आणि उन्हात धरली की चमकणारी. अक्काने मूठभर घेतली, नेहमीसारखी कमानीखाली ठेवली आणि तात ओढली. टुंग झालंच नाही. लोकर तातीला गुंडाळली गेली. तिने सोडवली, पुन्हा ओढली, पुन्हा गुंडाळली गेली. अर्ध्या तासाने तिच्यापुढे पांढऱ्या गुठळ्यांचा ढीग होता. त्यातून कातलं ते सूत कुठे बोटाएवढं जाड, कुठे केसाएवढं बारीक, आणि चरखा फिरवला की तुटायचं. आखूड लोकर पिंजून फुलवली की एकमेकीला धरते. लांब लोकर पिंजली की स्वतःलाच फास लावून घेते. तीस वर्षं एकच लोकर हाताळलेल्या माणसाकडूनच ही चूक होऊ शकते. नवखा असता तर त्याने पिंजलीच नसती, कारण त्याला पिंजता आलं नसतं.

अक्काने गुठळ्या बाजूला सारल्या. कमान भिंतीला टेकवली. एक अखंड बट घेतली, दोन्ही टोकं दोन हातांत धरून ओढून पाहिली, मग स्वतःच्या वेणीचं टोक हातात घेऊन दोन्ही शेजारी धरली. आणि म्हणाली, ‘लोकर नई हाई, केस शेतस.’ मग मला हाक मारली, ‘निमे, तुनी फणी आण.’

माझी लाकडी फणी त्या उन्हाळ्यात परत माझ्या केसांना लागली नाही. बटेचं एक टोक मुठीत धरायचं, दुसरं विंचरायचं, मग उलटं धरून राहिलेलं विंचरायचं. आखूड तुकडे फणीत अडकून राहतात, लांब धागे एकमेकांशेजारी सरळ पडतात. विंचरण्याचं काम अक्काने मला दिलं. मी रोज दोन तास विंचरायची आणि त्या बटा एका पाटीत जुन्या धोतराच्या फडक्यावर ओळीने मांडून ठेवायची. चरखा या लोकरीला चालत नाही, हेही अक्काला लवकर कळलं. तिने टकळी काढली. टकळी म्हणजे खाली चकती असलेली लाकडी काडी, ती भोवऱ्यासारखी फिरवून हवेत सोडायची. तिच्या वजनाने धागा खाली ओढला जातो आणि फिरण्याने त्याला पीळ बसतो.

इथे अडचण अशी झाली की अक्काचे हात ऐकेनात. आखूड लोकरीला दोन्ही हात जवळ ठेवावे लागतात, भराभर पीळ द्यावा लागतो, नाहीतर धागा सुटतो. लांब लोकरीला हात दूर हवेत आणि पीळ थोडा. अक्काला हे समजत होतं, ती बोलूनही दाखवायची, पण टकळी फिरली की तिची बोटं आपोआप जवळ यायची. तीस वर्षांची सवय. सूत कडक व्हायचं, सैल सोडलं की स्वतःवरच वळायचं. आणि वेग नव्हता. शिवाय तिच्या उजव्या अंगठ्याचं पेर सुजायला लागलं होतं. ती ते रात्री एरंडाच्या पानाने शेकायची. आखाजी तोंडावर आली तरी पाटीत निम्म्याही लडी नव्हत्या. आई एकदा चुलीपासून म्हणाली, ‘अक्का, पोर म्हातारी व्हयनी मंग देवानी शे का कांबळी?’ आबा मागावरून हसले. अक्काही हसली, पण त्या दिवशी तिने दुपारी डोळा लावला नाही.

आता माझं सांगते. मी डावखुरी. पहिलीत बाईंनी फूटपट्टीने माझं डावं मनगट इतकं सुजवलं की मी उजव्या हाताने लिहायला शिकले, आणि घरातल्यांना वाटलं, पोर सुधारली. जेवण उजव्याने, लिहिणं उजव्याने, देवाला फूल उजव्याने. बाकी जे कोणी पाहत नाही ते सगळं डाव्याने. आमच्याकडे देवाधर्माच्या कशालाही डावा हात लावत नाहीत, सुताला तर नाहीच. म्हणून अक्काने मला कातायला कधी बसवलं नव्हतं. ती नुसतं म्हणायची, तू वाच.

आखाजीच्या आधी मंजू आमच्या घरी आली होती, कांबळीचं कुठवर आलं ते पाहायला. मांजी आणि अक्का बोलत बसल्या. मंजू आणि मी नदीच्या बाजूला उभ्या राहिलो. नदीत पाणी नव्हतंच, वाळूत खड्डे करून बायका घागरी भरत होत्या. मंजूने विचारलं, यातलं तू काय कातलंस? मी म्हटलं, मला कातू देत नाहीत. ती म्हणाली, ‘थोडं तरी कात ना. अक्कांना मी ओळखतही नाही गं.’

एवढंच. पण मला त्यानंतर बसवेना. मला तिच्यासोबत जाता येणार नव्हतं, पत्र लिहिता येणार नव्हतं, ती कोणत्या गावी आहे ते कळणार नव्हतं. निदान चार हात धागा तिच्या खांद्यावर असावा, असं मनात आलं आणि ते निघेना.

त्या दिवसांत आईने बिबड्या घातल्या होत्या. ज्वारीच्या शिजवलेल्या चिकाच्या त्या चकत्या शेजारच्या काकूंच्या धाब्यावर वाळत होत्या. मातीच्या त्या सपाट छपरावर दुपारभर बसून कावळे हाकलायचं काम माझ्याकडे होतं. मी विंचरलेल्या बटा ओच्यात घालून नेल्या, अक्काची जुनी टकळी नेली. गल्ली झोपलेली असायची. धाबं पायाला चटका द्यायचं, म्हणून मी एका जागी उभी राहत नव्हते, या कडेपासून त्या कडेपर्यंत फेऱ्या मारत कातायची. पहिल्या दिवशी टकळी दहा वेळा पडली. दुसऱ्या दिवशी पडली नाही. माझ्या हातांना कसलीच सवय नव्हती, त्यामुळे ते दूर ठेवायला मला कष्ट पडले नाहीत. मला चालायचं होतं, हलायचं होतं, आणि हे काम चालत चालत करता येत होतं. त्या सबंध उन्हाळ्यात मला बरं वाटलं ते तेवढ्या दुपारीच. टकळी मी अर्थातच डाव्या हाताने फिरवत होते. तिकडून फिरवली की पीळ उलट्या दिशेने बसतो, हे मला ठाऊक नव्हतं. धागा धाग्यासारखाच दिसत होता.

आठ दिवसांत माझ्या पाच लडी झाल्या. त्या मी अक्काच्या पाटीत तिच्या लडींच्या मधे सरकवल्या. दुसऱ्या दिवशी अक्काने पाटी पुढे ओढली, लडी एकेक करून हातात घेतल्या, एका लडीवरून अंगठा फिरवला आणि तीच लडी पुन्हा उलट्या बाजूने चाचपली. मी दारात उभी होते. मग तिने त्या सगळ्या लडी एकत्र बांधून आबांकडे दिल्या आणि मला म्हणाली, जा, बिबड्या उलट्या कर.

आबांनी ताणा लावला. खळ लागली, सूत ताठ झालं, आणि माग आठवडाभर चालला. मागावर असताना कांबळी सुंदर दिसत होती. गल्लीतली माणसं पाहून जायची. मग आबांनी आणि मी ती धुवायला नेली. पांझरेत पाणी नसल्याने विहिरीजवळच्या दगडी कुंडात, पायांनी तुडवून. खळ निघाली, लोकर मोकळी झाली. वाळत घातली तेव्हा आधी काही कळलं नाही. ऊन फिरलं आणि पट्टे दिसायला लागले. एक पट्टा मळकट, एक उजळ, पुन्हा एक मळकट. रंग एकच होता, पांढरा. पण धाग्यांचा पीळ दोन दिशांना, त्यामुळे उजेड दोन तऱ्हांनी पडत होता. आणि एक काठ आत वळत होता. हाताने सरळ करावा, सोडला की पुन्हा वळावा.

मांजी, शेठजी आणि मंजूची काकू दुसऱ्या दिवशी आले. मांजींनी कांबळी मांडीवर घेतली, चष्मा वर केला आणि हळूच विचारलं, दोन जातींची लोकर मिसळली का? त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शेठजी म्हणाले, नाही जमलं तर राहू दे, आता वेळ कमी आहे, तयार घेऊ. मी पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होते. आबा खाली मान घालून कांबळीचा काठ चिमटीत धरून होते. म्हणाले, ‘अक्काना हात गया आते. वय व्हयनं.’

अक्का भिंतीशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आबांकडेही नाही. मांजींच्या पायांशी पडलेला लोकरीचा एक तुकडा तिने उचलला आणि बोटांत फिरवत राहिली. मला वाटलं, आता बोलावं. ‘त्यात माझं सूत आहे’ एवढे चार शब्द. पण डाव्या हाताचं सूत साध्वीच्या कांबळीत, हे मांजींसमोर कसं म्हणायचं? आणि तिची कांबळी माझ्यामुळे बिघडली, हे मंजूला कळलं तर? पेले वाटले, रिकामे गोळा केले, आत गेले. चार शब्दांना पेले विसळायला लागतो तेवढाच वेळ लागला असता. शिक्षिका झाल्यावर न बोलणाऱ्या मुलांना मी कधी फार दटावलं नाही, त्याचं कारण कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

मंजूच्या मिरवणुकीत मी गेले. ती सजवलेल्या गाडीत उभी होती, दोन्ही हातांनी पैसे आणि तांदूळ उधळत होती. तिला मी दिसले की नाही, माहीत नाही. तिच्या दीक्षेच्या सामानात ठेवलेली कांबळी बाजारातली होती.

आठ दिवसांनी गिरणीच्या सुताची पोती आली. अक्काला कोणी काही म्हटलं नाही. ती सकाळी उठायची, पडवी झाडायची, डाव्या भिंतीशी बसायची आणि तिथे करायला काही नसायचं. मग ती चुलीशी मदतीला जायला लागली. आई म्हणायची, राहू द्या अक्का, मी करते. भांड्यांचे आवाज वाढले. आषाढात जळगावकडच्या पहूरहून निरोप आला, अक्काच्या मावसबहिणीची सून बाळंत व्हायची होती, कोणी मोठं माणूस पाहिजे होतं. अक्काने एका पिशवीत दोन लुगडी घातली आणि गेली. महिन्याभरासाठी म्हणून. बाळंतपण झालं, बारसं झालं, अक्का आली नाही. आणि आमच्यातल्या कोणी पत्र टाकलं नाही.

निकाल लागला. मला जळगावला मास्तरकीच्या शिक्षणाला जागा मिळाली. सामान बांधलं त्या दिवशी आबा मागावर बसले होते. गिरणीच्या सुताचा माग वेगळा वाजतो, जास्त सपाट. माझं सगळं भरून झालं होतं तरी मी पडवीत येरझाऱ्या घालत होते. आबा म्हणाले, बस जरा, चक्कर येईल माले पाहीसन. मी बसले, आणि बसल्याबरोबर बोलून टाकलं. कांबळीतल्या पाच लडी माझ्या होत्या. डाव्या हाताच्या.

आबांनी माग थांबवला नाही. दोन वेळा धोटा इकडून तिकडे गेला. मग म्हणाले, ‘माले ताना लायतानाच समजनं व्हतं.’

ताणा लावताना धाग्याची टोकं सुटी असतात. उलट्या पिळाचं टोक उलटं वळतं. विणकराच्या बोटाला ते कळणार नाही, असं होत नाही. इतकी वर्षं त्या घरात राहूनही हे मला सुचलं नव्हतं.

‘मंग बोलना का नई?’ मी विचारलं.

‘तू तरी कोठे बोलनी?’

त्यात राग नव्हता. त्यांनी धोटा पुन्हा टाकला. गिरणीच्या सुताचा निर्णय त्यांनी आधीच घेतला होता, त्याला फक्त कारण हवं होतं, आणि ते आम्ही तिघांनी मिळून विणून दिलं होतं. आबा वाईट माणूस नव्हते. बहिणीला ‘तुझं काम संपलं’ हे तोंडावर सांगणं त्यांना जमलं नाही. कांबळीने सांगितलं.

जळगावला गेल्यावर पहिल्याच रविवारी मी पहूरची एसटी धरली. मनाशी पक्कं केलं होतं की अक्काला सगळं सांगायचं आणि परत धुळ्याला घेऊन जायचं. गाडीत बसायला जागा होती, पण मी दाराजवळच्या दांडीला धरून उभी होते. बसलं की वाटायचं, गाडी पुढे जातच नाही. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, नंतर काळ्या जमिनीतली कपाशी, मग पहूरचा बाजार. विचारत विचारत घर सापडलं. मोठं होतं, गुरं होती, माणसं बरीच होती. अक्का मागच्या दारी उडीद निवडत बसली होती. मला पाहून तिने सुपातले खडे बाजूला केले आणि सरकून जागा केली. आतून कोणीतरी कोण आलं म्हणून विचारलं. ती म्हणाली, मनी भाची. मग मी सांगायला लागले. धाबं, टकळी, पाच लडी, डावा हात, आबांना ठाऊक होतं ते. सांगताना मी उठून उभी राहिले होते, तिने माझ्या परकराचं टोक धरून मला खाली बसवलं.

‘तुनं सूत माले हात लायताच समजनं,’ ती म्हणाली. ‘दीक्षाले पंधरा दिन ऱ्हायना व्हतात. ते नई घेती तर कांबळी पुरी व्हती का?’

मी म्हटलं, मग मांजींसमोर तू माझं नाव का नाही घेतलंस? ती सुपातले उडीद हलवत राहिली. मग म्हणाली, पट्टे नीट पाहिलेस का तू? मी म्हटलं, पाहिले, अजून डोळ्यांपुढे आहेत. ‘मंग सांग, चमकणारा कोणना व्हता?’

 मग तिने स्वतःच सांगितलं. मळकट पट्टे तिचे होते, कडक पिळाचे, आणि उजळ पट्टे माझे. ज्या लोकरीला सैल हात हवा होता तिला तो माझ्याकडून मिळाला होता. मांजींनी कांबळी मांडीवर घेतली तेव्हा अक्काने हेच पाहिलं होतं. आठ दिवस शिकलेल्या पोरीचं सूत आणि तीस वर्षांचं सूत शेजारी शेजारी. ‘तुना आबा खोटं नई बोलना,’ ती म्हणाली. ‘मना हात गयाच व्हता. तू नई मिसाळती तर माले समजतं नई, इतलंच.’

हे खरं होतं की मला हलकं वाटावं म्हणून तिने रचलं होतं, याचा मी आजवर विचार करते आहे. कांबळी असती तर उन्हात धरून पाहता आली असती. आबांनी ती एका वाटसरूला देऊन टाकली, कोणाला ते त्यांनाही आठवत नव्हतं. नंतरच्या वर्षांत मी पहूरला कितीदा गेले, अक्काचं म्हातारपण पाहिलं, तिच्या दहाव्याला त्याच मागच्या दारी बसले, पण ते पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने तेच उत्तर दिलं असतं, आणि ते तसंच्या तसं राहिलं असतं, कोणत्याही बाजूला न झुकणारं.

मी तिला म्हटलं, चल, उद्या धुळ्याला जाऊ. तिने मान हलवली. तिथे बसायचं कुठे, असं म्हणाली, आणि पुन्हा खडे वेचायला लागली. इथे निदान उडीद निवडायला असतात.

ऊन अजून बरंच होतं. आत स्वयंपाकघरात फोडणीचा वास सुटला होता, ताटं मांडल्याचे आवाज येत होते. मला भूक लागली होती आणि ते तिला कळलं असणार, तिला ते नेहमी कळायचं. तिने एकदा आत पाहिलं. कोणी बाहेर आलं नाही. इथे वाढायचा हात तिचा नव्हता. मग तिने सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मला फाटकापर्यंत आणून सोडलं. म्हणाली, ‘चारनी गाडी शे जळगावनी. निंघ आते, पोरी.’